फुटाला एक सूत

आमच्या गॅरेजच्या कोब्याला फुटाला एक सूत ढाळ आहे, दाराच्या दिशेने. ओहायोत हे घर घेऊन मला अकरा वर्षं झाली. रोज त्या कोब्यावर गाडी लावतो, हिवाळ्यात बुटांवरचा बर्फ तिथेच झाडतो, तरी मला ते ठाऊक नव्हतं. मागच्या मे महिन्यात अण्णा नाशिकहून आले. त्यांनी चहाचा रिकामा कप नळाखाली भरला, कोब्यावर ओतला आणि हात मागे बांधून बघत उभे राहिले. पाणी क्षणभर थबकलं, मग बोटभर रुंदीची धार होऊन दाराकडे निघालं. "सूतभर असेल फुटाला," अण्णा म्हणाले. नंतर आम्ही नीट मोजलं तेव्हा तेवढंच निघालं.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. गवंडी, सुतार, फॅब्रिकेशनवाले अजूनही या मापात बोलतात. अण्णांनी चाळीस वर्षं गवंडीकाम केलं. नाशिकच्या सिडकोतली आणि जेलरोडची कितीतरी घरं त्यांच्या हातची आहेत. आमच्या घरात सेंटिमीटर फक्त शाळेच्या कंपासपेटीत असायचा. बाकी सगळं फूट, इंच आणि सूत. "दीड इंच दोन सूत घे," म्हटलं की मला सहावीत असतानाही पट्टीवर बोट बरोबर ठेवता यायचं.

आता गॅरेजचा ढाळ मोजायची वेळ का आली, ते सांगतो.

मी नाशकात वाढलो. तिथे गोल्फ क्लब म्हटलं की रिक्षा हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर जाऊन थांबते. तिथे रणजीचे सामने होतात, सकाळी माणसं चालायला येतात, संध्याकाळी पोरं टेनिस बॉलने क्रिकेट खेळतात. गोल्फ खेळताना मात्र मी तिथे कधी कुणाला पाहिलं नाही. गोल्फचा बॉल पहिल्यांदा हातात घेतला तो वयाच्या अडतिसाव्या वर्षी, कोलंबसला लागून असलेल्या डब्लिनमध्ये. इथल्या हवेतच गोल्फ आहे. नामांकित गोल्फपटू जॅक निकलस मूळचा कोलंबसचा. त्याने उभं केलेलं मुइरफील्ड व्हिलेज हे गोल्फचं मैदान 1974 साली सुरू झालं आणि 1976 पासून मेमोरियल स्पर्धा तिथे भरते. माझ्यासारखे लोक खेळतात ते सार्वजनिक मैदानांवर, शनिवारी पहाटेची वेळ राखून. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने ओढून नेलं, आणि पहिल्याच दिवशी शंभरातला एक बॉल असा सुटला की हाताला काही जाणवलंच नाही, फक्त आवाज आला. तेव्हापासून मी त्या आवाजाच्या मागे आहे.

पण नोव्हेंबर उजाडला की इथे खेळ मिटतो. मार्च संपेपर्यंत मैदानं ओली, नाहीतर गोठलेली. म्हणून दोन वर्षांपूर्वी गॅरेजमध्ये जागा केली. दाराच्या आतल्या बाजूला जाड पडदा टांगला, त्याच्यापासून दहा फुटांवर पाच बाय पाचची मॅट टाकली, छताला प्रोजेक्टर लावला आणि बॉलच्या बाजूला लाँच मॉनिटर ठेवला.

हे यंत्र नेमकं काय करतं, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. बाजारात त्याच्या मुख्य दोन जाती आहेत. एक रडारची. ती बॉलच्या मागे काही फुटांवर ठेवतात. बॉलवर लहरी सोडायच्या आणि परत येताना त्यांची वारंवारता किती बदलली यावरून वेग काढायचा, हे डॉप्लरने 1842 मध्ये मांडलेलं तत्त्व. डेन्मार्कमध्ये 2003 साली सुरू झालेल्या ट्रॅकमॅनने गोल्फमध्ये रडारचं नाव केलं. दुसरी जात कॅमेऱ्याची. ती बॉलच्या शेजारी, खेळणाऱ्याच्या समोर बसते आणि बॉल सुटताक्षणी भराभर फोटो घेते. माझं यंत्र या दुसऱ्या जातीचं.

गॅरेजमध्ये बॉल दहा फुटांवर पडद्याला आदळून खाली पडतो. कॅमेऱ्याला तर त्यातलाही पहिला हातभर प्रवासच दिसतो. तेवढ्यात तो बॉलचा वेग, वर जाण्याचा कोन, डावी-उजवी दिशा, फिरकी आणि त्या फिरकीचा आस टिपतो. पडद्यावर पुढे दीडशे यार्ड उडताना दिसतो तो बॉल हिशोबातला असतो. हिशोब चोख असतो, पण तो सुरू होतो त्या पहिल्या हातभर अंतरापासून. तिथे एका अंशाची चूक झाली तर दीडशे यार्डांवर ती पावणेतीन यार्डांच्या जवळ जाते, म्हणजे जवळजवळ आठ फूट. गोल्फचं होल सव्वाचार इंचांचं असतं.

आणि यंत्राला स्वतः कसं बसलोय हे कळावं लागतं. काही महागडी यंत्रं आपला कल आपणच ओळखून हिशोबात धरतात. माझं यंत्र साधं आहे. आपला तळ सपाट आहे आणि आपण नेमके निशाणाच्या रेषेला काटकोनात बसलोय, असं ते धरून चालतं. तळ सपाट करायची जबाबदारी मालकाची.

माणसाच्या मानेसारखा विचार केला की हे पटकन समजतं. यंत्राने मान एका खांद्याकडे टाकली, म्हणजे ते पडद्याच्या बाजूला कललं, तर बॉलचा वर जाण्याचा कोन चुकतो. जेवढा कल तेवढी चूक, अंशाला अंश. मान पुढे झुकली, म्हणजे यंत्राचं तोंड बॉलकडे खाली गेलं, तर फिरकीचा आस कललेला दिसतो आणि सरळ गेलेला बॉल पुढे जाऊन वळणार असं यंत्र सांगतं. आणि मान वळली, म्हणजे यंत्र रेषेला तिरकं बसलं, तर दिशाच चुकते. माझ्या यंत्राची मान या तिन्ही प्रकारांनी चुकली होती, आणि मला पाच महिने त्याचा पत्ता नव्हता.

मी निष्काळजी नव्हतो, हे मला मनापासून सांगायचंय. यंत्राखाली मी बारा इंची प्लायची फळी केली होती. तिच्या चार कोपऱ्यांत पाव इंची बोल्ट पायांसारखे बसवले होते, फिरवले की कोपरा वर-खाली होईल असे. फळीवर मोबाइल ठेवायचो, त्यातलं लेव्हलचं ॲप उघडायचो आणि आकडा शून्यावर येईपर्यंत बोल्ट फिरवायचो. आधी निशाणाच्या दिशेने, मग आडवं. शून्य दिसला की समाधान. दिशेसाठी फळीची कड गॅरेजच्या भिंतीला समांतर ठेवली होती, दोन्ही टोकांना टेप लावून मोजलेली. भिंत म्हणजे सरळच असणार, ही माझी समजूत. गवंड्याच्या पोराने तरी अशी समजूत करून घ्यायला नको होती.

त्या हिवाळ्यात यंत्र मला दोन गोष्टी सांगत राहिलं. सात नंबरच्या आयर्नने, म्हणजे धातूच्या पात्याच्या काठीने, मारलेला बॉल साडेसतरा अंशांनी वर जातोय आणि उजवीकडे सरकतोय. टूरवरच्या, म्हणजे व्यावसायिक, खेळाडूंचा सात नंबरचा कोन सरासरी 16 अंशांच्या आसपास असतो, हे मी कुठेतरी वाचून डोक्यात पक्कं केलं होतं. त्यांच्या काठीचा वेग माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. माझ्यासारख्या बेताच्या वेगाच्या माणसाचा बॉल थोडा उंच जायलाच हवा, नाहीतर हिरवळीवर पडून घरंगळत पलीकडे जातो. हे तेव्हा ध्यानात घेतलं नाही. कोन खाली आणायचा म्हणून हात पुढे दाबायला शिकलो. उजवीकडे जातंय म्हणून मनगट लवकर वळवायला शिकलो. रात्री लेक झोपल्यावर, बाहेर उणे दहा तापमान असताना, हीटरसमोर बोटं शेकून रोज पन्नास बॉल. फेब्रुवारीत पडद्यावरचा बॉल मधोमध पडायला लागला आणि कोन 16 झाला. बायकोला बोलावून दाखवलं. तिला त्यातलं फारसं कळत नाही, पण माझा चेहरा बघून तिलाही आनंद झाला.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी मैदानावर गेलो. पहिल्या नऊ होलांत सात बॉल डावीकडे, आणि सगळे खालून, वाऱ्याखालून गेल्यासारखे. बरोबरचा मित्र म्हणाला, "काय रे, नवीन काठ्या घेतल्यास का?" काठ्या जुन्याच होत्या. मी हिवाळाभर मेहनतीने जे शिकलो होतो ते नेमकं चुकीचं होतं. त्या दिवशी गाडीत बसल्यावर बराच वेळ किल्ली फिरवली नाही. मेहनत वाया गेली तर माणूस पुन्हा करतो. पण मेहनतीने शरीराला खोटं शिकवलं गेलं तर ते आधी विसरवावं लागतं, आणि शरीर लवकर विसरत नाही.

मग मे महिन्यात आई-अण्णा आले. पहिला आठवडा जेट लॅग आणि लोणच्याच्या बरण्या लावण्यात गेला. दुसऱ्या आठवड्यात अण्णा एका संध्याकाळी चहा घेऊन गॅरेजमध्ये आले आणि मी बॉल मारत असताना गाडीला टेकून उभे राहिले. चारपाच बॉल झाल्यावर त्यांनी विचारलं,

"हे काय दाखवतं रे?"

"बॉल किती कोनात वर गेला, कुठल्या दिशेला गेला, किती फिरला."

"आणि हे स्वतः लेव्हलला आहे, हे कोण दाखवतं?"

मी खिशातून मोबाइल काढला, फळीवर ठेवला. शून्य. त्यांना दाखवला. अण्णा खाली बसले. गुडघा दुखतो त्यांचा, एक हात मॅटवर टेकून बसले. त्यांनी मोबाइल उचलला नाही, जागेवरच गर्रकन उलटा फिरवला, वरचं टोक खाली आणि खालचं टोक वर. आकडा थरथरला आणि दोनवर थांबला.

"दोन कशाला आला?" मी म्हणालो.

अण्णांनी मोबाइल उचलून पाठ वर केली आणि अंगठा कॅमेऱ्याच्या उंचवट्यावर फिरवला. मग माझ्याकडे पाहिलं. काही बोलले नाहीत. मला समजायला तेवढं पुरे होतं. मोबाइल सपाट बसतच नव्हता. एका बाजूने तो कॅमेऱ्यावर उचललेला होता, आणि मी ती बाजू कायम पडद्याकडे, आडवं मोजताना बॉलकडे ठेवायचो. मोबाइल एक अंश वर बघत होता, म्हणून त्याला शून्यावर आणण्यासाठी मी फळी एक अंश खाली पाडली होती.

"दोनाचा निम्मा एक," अण्णा म्हणाले. "एवढी फळी पडलीय, आणि एवढाच तुझा फोन खोटा."

पाणसळ, म्हणजे बुडबुड्याची लेव्हलपट्टी, तपासायची ही गवंड्यांची रीत आहे. पाणसळ भिंतीवर किंवा फरशीवर ठेवायची, बुडबुडा बघायचा, मग तीच पाणसळ त्याच जागी उलटी फिरवून पुन्हा बघायचं. दोन्ही वेळा बुडबुडा सारख्याच जागी आला तर पाणसळ खरी. वेगळा आला तर दोन्हींच्या मधोमध खरी लेव्हल. लहानपणी अण्णांना हे करताना शेकडो वेळा पाहिलं होतं, पण ते त्यांचं एक सवयीचं वळण असेल, जसं कुणी जेवायच्या आधी ताटाभोवती पाणी फिरवतं तसं, असंच मला वाटत राहिलं. त्यामागचा हिशोब मी कधी विचारलाच नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना हार्डवेअरच्या दुकानात नेलं. पाणसळींची मांडणी बघून अण्णांचे डोळे लकाकले. पिवळ्या, लाल, चुंबकाच्या, लाकडी, चार फुटी, नऊ इंची. त्यांनी एक एक काढायला सुरुवात केली. दुकानातल्या शेल्फवर ठेवायची, चष्मा नाकावर खाली घेऊन बुडबुडा बघायचा, उलटी करायची, पुन्हा बघायचा. दोन बाजूला सारल्या. तिसरी बराच वेळ हातात धरली, मग ती पण सारली. एक कामगार मदतीला म्हणून आला, थोडा वेळ बघत राहिला आणि मग त्यानेच वरच्या फळीवरून आणखी दोन काढून दिल्या. पाचवी अण्णांना पसंत पडली. नऊ इंची, साधी, स्वस्तातलीच. बरोबर तीस फूट पारदर्शक नळी घेतली, पाऊण इंची प्लाय घेतली, देवदाराच्या पाचरींचं एक बंडल घेतलं. बिलाकडे बघून अण्णा म्हणाले, "एवढ्यात आपल्याकडे एक खोली निघाली असती." मी हसून कार्ड पुढे केलं.

त्या शनिवारी गॅरेजमध्ये काम सुरू झालं. फळी सरळ करणं सोपं होतं. पाव इंची बोल्टला इंचाला वीस आटे असतात, म्हणजे एक वेढा फिरवला की इंचाचा विसावा भाग वर. बारा इंची फळीचा एक अंश काढायला एका बाजूच्या दोन बोल्टांना चार-चार वेढे लागले. शेवटच्या वेढ्याला अण्णा म्हणत होते, "थांब, थांब, थोडा मागे, हां." बुडबुडा दोन रेघांच्या मधे येऊन बसला. पाणसळ उलटी केली. तिथेच.

पण अण्णांचं समाधान झालं नव्हतं. "हे लेव्हलला आलं," ते म्हणाले, "पण तू उभा राहतोस ती जागा?"

तेव्हाच त्यांनी तो चहाचा कप ओतला. इथे गॅरेजला दाराकडे किंवा पाणी जायच्या जाळीकडे ढाळ द्यावाच लागतो, बांधकामाच्या नियमांतच ते आहे. गाडीवरचा बर्फ वितळून किंवा काही सांडून घरात येऊ नये म्हणून. अण्णांना ते ऐकून बरं वाटलं. "मोरीला ढाळ, बैठकीला लेव्हल," ते म्हणाले, "इथल्या गवंड्याने बरोबर केलंय. तूच मोरीत बैठक मांडलीस." फुटाला एक सूत म्हणजे अंशाचा सहा दशांश. मी रोज रात्री एका हलक्या उतारावर उभा राहून बॉल मारत होतो, आणि मैदानावर सपाट जमिनीवर गेलो की माझा तोल वेगळा पडत होता. यंत्र चोख बसवलं तरी हे त्याने कधीच सांगितलं नसतं.

मॅटचे चार कोपरे एका पातळीत आणायला लेव्हल नळी लागली. लेकीला मी हाक मारली. चौदा वर्षांची आहे, शनिवारी सकाळी तिला खाली आणणं सोपं नसतं, पण आजोबांनी बोलावलं म्हटल्यावर आली. पाणी दिसावं म्हणून तिनेच केकच्या सामानातला निळा रंग आणून दोन थेंब टाकला. नळीत पाणी भरताना अण्णा फार सावकाश असतात. एक टोक बादलीत, दुसरं टोक खाली, पाणी तोंडाने ओढून चालू केलं की नळी हाताहाताने चाचपत यायचं. आत कुठे हवेचा बुडबुडा अडकला असेल तर दोन्ही टोकांचं पाणी खोटं बोलतं. एक बुडबुडा मधल्या वळणात बसला होता. अण्णांनी नळीला टिचक्या मारत मारत तो वर आणला. लेक डोळे मोठे करून बघत होती. मग एक टोक तिच्या हातात दिलं, भिंतीवरच्या खुणेला लावून धरायला सांगितलं, आणि दुसरं टोक घेऊन ते कोपऱ्यात गेले.

"अंगठा काढ," ते तिला म्हणाले.

दोन्हीकडचं निळं पाणी वर-खाली हललं, एकदा, दोनदा, आणि थांबलं. अण्णांनी डोळा पाण्याच्या रेषेत आणला आणि खूण केली. लेकीने विचारलं, "आजोबा, इतक्या लांब आहोत, तरी पाण्याला कसं कळतं?" अण्णा म्हणाले, "पाणी एकच आहे ना बाळा, म्हणून." मी शाळेत दाब, उंची, वातावरण असं काय काय शिकलो होतो, तेच तिला समजावून सांगायला तोंड उघडलं होतं. मग मिटलं.

पाच फुटांच्या मॅटला पाच सूत उतार. म्हणजे पडद्याकडच्या कडेखाली पाच सूत उचल हवी आणि मधे त्याच प्रमाणात कमी होत मागे शून्य. प्लायच्या दोन पट्ट्या आणि पाचरी वापरून अण्णांनी सापळा बसवला. प्रत्येक पाचर हातोडीने एक टोला, मग पाणसळ, मग अर्धा टोला. मग यंत्राची फळी मॅटच्या वरच्या पृष्ठभागाच्या उंचीला आणली, कारण कॅमेरा बॉलला जिथे शोधतो ती उंचीही त्याच्या हिशोबात असते.

राहिली दिशा. अण्णांनी पडद्याच्या मध्यावरून ओळंबा सोडला. ओळंबा नव्हता, दोरीला नट बांधला. तिथून बॉलच्या जागेपर्यंत खडूची दोरी मारली, आणि कोब्यावर निळी रेघ उमटली. मग काटकोन. पाया आखताना करतात तसाच, तीन-चार-पाच. रेघेवर चार फूट, बाजूला तीन फूट, आणि तिरकं बरोबर पाच फूट आलं की कोपरा गुण्यात. मी फळी ज्या भिंतीला समांतर लावली होती, ती भिंत या रेघेपासून दहा फुटांत दोन इंच फाकली होती. पुन्हा तोच एक अंश. यंत्र डावीकडे बघत होतं, म्हणून माझे सरळ बॉल त्याला उजवीकडे गेलेले दिसत होते. मी हिवाळाभर मनगट वळवत होतो ते या दोन इंचांसाठी.

तपासायची एक साधी युक्ती आहे, ती ज्यांच्या घरी असं यंत्र आहे त्यांनी जरूर करावी. पटर, म्हणजे बॉल जमिनीवरून ढकलायची काठी, घ्यायचा आणि खडूच्या रेघेवरून बॉल हलकेच ढकलायचा. रेघ डोळ्यांना दिसते, त्यामुळे बॉल सरळ गेला की नाही यात वाद उरत नाही. मग यंत्र काय म्हणतं ते वाचायचं. आधी यंत्र अशा बॉलला एक अंश उजवीकडे म्हणायचं. आता पहिला आकडा आला 0.1 उजवीकडे. दुसरा 0.2 डावीकडे. तिसरा शून्य. लेकीने आकडे वहीत लिहिले. दहा बॉल झाल्यावर अण्णा म्हणाले, "मला दे." त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पटर हातात घेतला, थापी धरावी तसा, बोटं पसरून, आणि ढकलला. बॉल रेघ सोडून अर्धा इंचही गेला नाही. 0.1.

मग मी सात नंबर घेतला. मैदानावर जो खालून जात होता तोच बॉल आता पडद्यावरही खालून गेला. पंधरा अंश, आणि डावीकडे. इतके दिवस यंत्र आणि मैदान दोन वेगळ्या गोष्टी सांगत होती, आता एकच सांगू लागली. वाईट बॉल बघून मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

कोन पुन्हा वर यायला जून-जुलै गेले. मनगटाची सवय सुटायला त्याहून जास्त. त्या काळात अण्णा रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये यायचे. एकदा सॉफ्टवेअरमध्ये समुद्रसपाटीपासूनची उंची भरायचा रकाना त्यांनी पाहिला. हवा विरळ असली की बॉल लांब जातो, म्हणून तो असतो. हजार फुटांना साधारण एक टक्का, किंचित जास्त. "नाशिक टाक," ते म्हणाले. कोलंबस समुद्रसपाटीपासून साधारण अडीचशे मीटर, नाशिक साधारण 580. टाकलं आणि मारला. दीडशे यार्डांचा बॉल एकशे बावन्नच्या आसपास गेला. "बघ," अण्णा म्हणाले, "आपल्याकडे दोन यार्ड जास्त." त्यांनी ते आईला आत जाऊन सांगितलं.

एका रविवारी त्यांना सार्वजनिक मैदानावर नेलं. अठराव्या होलच्या हिरवळीवर एक पांढऱ्या केसांचा गृहस्थ पटर दोन बोटांत लोंबकळत डोळ्यांसमोर धरून उभा होता, एक डोळा मिटून. जमिनीचा कल बघायची ही गोल्फवाल्यांची जुनी पद्धत आहे. मी सांगायच्या आतच अण्णांनी माझा दंड धरला. "ओळंबा धरलाय त्याने," ते हळूच म्हणाले, आणि तो माणूस बॉल मारेपर्यंत श्वास रोखून बघत राहिले.

ऑक्टोबरच्या शेवटी ते परत गेले. नऊ इंची पाणसळ इथेच ठेवली. विमानतळावर जाताना गाडीत मला म्हणाले, "थंडी पडली की एकदा बघ. लाकूड हलतं."

जानेवारीत मी ते विसरलो होतो. एका रात्री नाशिकहून फोन आला, तिथे सकाळ होती, मागे आईच्या कुकरची शिट्टी ऐकू येत होती. "लेव्हल बघितलीस का?" मी फोन स्पीकरवर टाकून खाली गेलो. दिवा लावला. फळीवर पाणसळ ठेवली. बुडबुडा रेघेला टेकला होता, जरासा पडद्याकडे. उलटी केली. तो पुन्हा पडद्याकडेच. म्हणजे पाणसळ खरी होती, फळीची मागची बाजू बसली होती.

"किती?" अण्णांनी विचारलं.

"मागचे दोन बोल्ट, पाव वेढा."

"दे मग," ते म्हणाले, आणि मी दोन्ही बोल्ट फिरवून होईपर्यंत फोनवर थांबले.